पिस्तुलाचा दिवा

ओक्लाहोमातल्या आमच्या गावी बंदुकीच्या दुकानात शनिवारी रांग असतेच. मी काडतुसं घ्यायला उभी होते. पुढे म्हातारा एल्डन आणि त्याची बायको लोरेटा एका छोट्या पिस्तुलापाशी अडले होते आणि काही केल्या हलत नव्हते.

“कमरेला लावलं तर शर्टाखाली दिसणारसुद्धा नाही, लोरेटा.”

“तुझ्या पोटाआड बैल लपेल, पिस्तुलाचं काय!”

“पुढे हा दिवाही बसतो. अंधारात कोण आहे ते कळतं.”

“काका, दिवा लावलात तर कमरेच्या या होल्स्टरमध्ये, म्हणजे म्यानात, पिस्तूल बसणार नाही,” दुकानदार म्हणाला. “मोठं घ्यावं लागेल.”

“आता हे काय नवीन? बरं, मोठं दे.”

“थांब रे,” लोरेटा नवऱ्याला म्हणाली. “दिवा पिस्तुलालाच ना? मग कोण आहे ते बघायला पिस्तूल त्याच्यावरच रोखायचं?”

“हो. म्हणजे, आधी बघायचं, मग ठरवायचं.”

“आणि ट्रॅव्हिस असला तर?”

“आपला ट्रॅव्हिस कशाला असेल?”

“त्याचा घटस्फोट झाल्यापासून अपरात्री मागच्या दाराने कोण येतं? फ्रिज कोण उघडतं?”

“पोटच्या पोरावर गोळी थोडीच झाडणार आहे मी!”

“रोखणार तर आहेस.”

“मग दिवा छताकडे धरतो. चालेल का रे?”

“चालेल, काका. पण मग साधी बॅटरीच घ्या ना.”

“आणि पिस्तूल कुठल्या हातात धरू? लोरेटा, तूच सांग बाई, काय करू?”

“ट्रॅव्हिसला सांग, येताना दाराची घंटा वाजवत जा.”

“पोराने? आपल्याच घरात शिरताना?”