काका काहीही खातो

रुपाली : काका, बाहेर दीडशे लोक बसलेत आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?

गंगाधर : आजवर कुणी विचारलंच नाही.

रुपाली : वेट. चव नाही म्हणजे बिलकुल नाही?

गंगाधर : वाससुद्धा नाही. कोविडमध्ये दोन्ही एकदमच गेले. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात परत येतील. चौथं वर्ष चालू आहे.

रुपाली : अहो, आपण छत्तीस व्हिडिओ केले! ‘काका काहीही खातो’! आइसलँडचा तो कुजवलेला शार्क तुमच्या तोंडात, नि कॅमेरा धरलेला विकास जिन्यात जाऊन ओकला. आणि तुम्ही काय म्हणालात?

गंगाधर : ‘जरा चिवट आहे.’ होताच तो. मी खोटं कधी बोललेलो नाही, रुपाली. नागालँडची आंबवलेल्या सोयाबीनची आखुनी चिकट होती, चिकट म्हटलं. बस्तरची मुंग्यांची चटणी दातात अडकली, तेही सांगितलं. चवीबद्दल माझा एक शब्द दाखव.

रुपाली : लोक लिहितात, काकांची जीभ नाही, पोलाद आहे. जुन्या लालबागचं रक्त!

गंगाधर : त्या स्वीडनच्या आंबवलेल्या माशाचा डबा फोडलास, तेव्हा अख्खा मजला खाली उतरला. मी एकटाच वर. मला वाटलं, आगीची तालीम आहे.

रुपाली : हसवू नका ना, प्लीज. आता काय करायचं? डोळ्यांवर पट्टी, तीन वाट्या, तीन बायकांचं बांगड्याचं तिखलं, त्यातलं काकीचं ओळखायचं. जगभरचं खाल्लं, आता घरचं ओळखा. मला वाटलं, सगळ्यात इझी एपिसोड हाच.

गंगाधर : मी नको म्हणालो होतो.

रुपाली : तुम्ही ‘बघू’ म्हणालात.

गंगाधर : माझ्या वयाला ‘बघू’ म्हणजे नकोच असतं.

रुपाली : काकीला माहितीये हे?

गंगाधर : नाही.

रुपाली : चार वर्षं? रोज घरी जेवता ना तुम्ही?

गंगाधर : तिचाही ताप नुकता उतरला होता. त्यात आणखी घोर कशाला? तिने विचारलं, कसं झालंय, मी म्हटलं झकास. दुसऱ्या दिवशी पुन्हा झकास. आता नेमक्या कुठल्या जेवणापासून खरं बोलायला सुरुवात करू, तू सांग.

रुपाली : मग आज स्टेजवरच सांगून टाका. इमोशनल जाईल. व्ह्यूज बघा मग.

गंगाधर : दीडशे लोकांसमोर तिला कळू दे, की चार वर्षं ती भिंतीला जेवायला वाढत होती?

रुपाली : ओके, नको. पण तिरफळाने जीभ चुरचुरते, ते तरी कळतं?

गंगाधर : ते कळतं. पण तिघी मालवणच्या. तिघींच्या तिखल्यात तिरफळं आहेत. चंपाताई तर मूठभर टाकतात.

रुपाली : मग मी खोकते. काकीची वाटी आली की दोनदा.

गंगाधर : ही शुद्ध फसवणूक आहे.

रुपाली : दुसरं काही आहे तुमच्याकडे? ... आलीच काकी. या ना, साडी मस्त दिसतेय.

सुभद्रा : दार कित्याक लावलंस गो? अहो, तुमची कॉलर. इकडे या. बाहेर शेजारच्या लक्ष्मीवहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ज्याचं तोंड मुंग्या खाऊन वाकडं झालं नाही, तो बायकोचं तिखलं काय ओळखणार!

गंगाधर : त्यांचं काय मनावर घेतेस?

सुभद्रा : त्यांचं नाही घेत. माझ्याच मनात आहे ते. दिवाळीत आमटीत दोनदा मीठ पडलं. मी घास थुंकला. तुम्ही झकास म्हणालात, वर आणखी वाढून घेतलीत. त्या दिवसापासून मला चुलीपुढे उभंच राहवत नाही हो. वाटतं, ताटात पुठ्ठा ठेवला तरी हे झकासच म्हणणार. म्हणून आज मी हो म्हटलं. चुकलात तर मी रागावणार नाही. उद्यापासून सरळ डबा लावू. मला एकदा काय ते कळू दे.

गंगाधर : सुभद्रा, ऐक. मला तुला...

रुपाली : काका, नाव पुकारलं. चला!

(अर्ध्या तासाने. तीच खोली. हॉलमधल्या टाळ्या अजून थांबलेल्या नाहीत.)

रुपाली : पहिल्याच घासात, काका! काय ॲक्टिंग... म्हणजे, काय जीभ! विकासकडून क्लिप घेऊन येते.

सुभद्रा : जाताना गरम पाणी पी गो. किती खोकत होतीस. ... अहो, गेली ती. आता सांगा, कसं ओळखलंत?

गंगाधर : ओळखलं.

सुभद्रा : असं नाही. नीट सांगा.

गंगाधर : इतक्या वर्षांचा हात. कळतोच.

सुभद्रा : लक्ष्मीवहिनींचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. पट्टी होती, नाही का. आणि मी वेडी, मनात काय काय धरून बसले! म्हणजे ती आमटी खारट होती, हे तुम्हाला कळलं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून खाल्लीत.

गंगाधर : एक सांगू का तुला?

सुभद्रा : थांबा, आधी मी सांगते. हे झकास आता बंद. मीठ कमी तर कमी, आंबट तर आंबट, तोंडावर सांगायचं. मी रोज विचारणार. उद्या बाजारातून तिसऱ्या आणते, ताज्या शिंपल्या. आईसारख्या करते, वाटण पाट्यावर. किती वर्षांत केल्याच नाहीत, जीवच होत नव्हता. कुठे चुकलं, काय राहिलं, ते एकेक घास खाऊन तुम्ही सांगायचं. ... काय सांगत होतात तुम्ही?

गंगाधर : काही नाही. तिसऱ्या थोड्याच आण.