दुर्बिणीपुढचा उजेड

रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यापुढे बाप-लेक उभे होते.

“बाबा, रात्री दुर्बिणींपाशी गाडीचे दिवे लावून येतात का?”

“तुला अचानक भेटायचं होतं गं.”

“अवकाशातले गॅमा किरण हवेवर आदळले की क्षणभर निळसर उजेड पडतो. तो टिपतो आम्ही. तुमच्या झोतामुळे कॅमेरे बंद करावे लागले.”

“तुझ्या साहेबांची माफी मागू?”

“नको. मी निस्तरलंय.”

“ऐकलं मी. गाडीची काच उघडी होती.”

“काय ऐकलंत?”

“‘कोण म्हातारा आहे, देव जाणे’ असं साहेबांना म्हणालीस.”

“बाबा...”

“अगं, नोकरी नवी आहे तुझी. म्हणून तर हाक न मारता दिवे मालवून माघारी वळलो.”

“अख्खा घाट अंधारात उतरलात?”

“तुमचं काम पुन्हा सुरू झालं होतं ना.”