ब्रेक राहिला

रजिस्टर लग्नाची नोटीस द्यायच्या रांगेत माझ्या पुढे एक जोडपं उभं होतं.

"एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"आता? पुढचा नंबर आपला आहे. बोल."

"आईच्या मेसेजना मी उत्तरं देत नव्हतो. प्रोग्राम देत होता. 'पोचलास का' ही पहिली केस, 'जेवलास का' दुसरी. जो प्रश्न येईल, त्याचं उत्तर आपोआप."

"आळशी मेला! बरं, मग?"

"प्रत्येक केसखाली ब्रेक, म्हणजे 'इथं थांब', असं लिहावं लागतं. नाहीतर खालची सगळी उत्तरं ओळीनं सुटतात. मी विसरलो. तिनं विचारलं, जेवलास का? उत्तर गेलं, हो आई, जेवलो. हो आई, मुलगी पसंत आहे."

"म्हणजे मला होकार तू दिलाच नाहीस?"

"फोटोसुद्धा बघितला नव्हता गं. आता आवडतेस ना पण!"

"ब्रेक लावलास का नंतर?"

"लग्नाच्या गडबडीत राहिलं. उलट काल खाली अजून एक केस घातली."

"फोन वाजतोय तुझा."

"आईच. विचारतेय, पोचलास का?"

"उत्तर गेलं?"

"गेलं. हो आई, पोचलो. हो आई, जेवलो. हो आई, मुलगी पसंत आहे. हो आई, कायमची आमच्याकडेच राहायला ये."

"अरे देवा! काय म्हणतायत?"

"बॅग भरलेलीच होती म्हणे. निघाली."