हेर्डरसाहेब आणि मेंढरं

आमच्या कंपनीतल्या डच साहेबांचं सांगायचं राहिलंच! त्यांचं आडनाव हेर्डर, म्हणजे त्यांच्या भाषेत मेंढपाळ. परवा पाटसजवळ मेंढरं आडवी आली. मीटिंगला उशीर झालेला, म्हणून मी हॉर्न दाबून धरला. साहेब मात्र खाली उतरून स्वतःच मेंढरं हाकायला लागले. सगळी उसात शिरली! मेंढरांमागचे आबा तापले, तसा मी घाईघाईनं साहेबांच्या आडनावाचा अर्थ सांगितला.

"ह्यांची मेंढरं किती?"

"एकबी न्हाई, आबा. सात पिढ्यांमागं सोडली."

"आन् नाव अजून लावत्यात? शाब्बास!" आबांनी स्वतःचं घोंगडं साहेबांच्या खांद्यावर टाकलं. मग माझ्याकडं वळले. "तू कुणाचा रं?"

"मेंढपाळाचाच, आबा."

"मग हॉर्न कशाला? शीळ घाल की!"

घालायला गेलो, तर तोंडातून नुसती हवा.