बनुबाईचा हात वर जाईना

(साताऱ्यातल्या एका दवाखान्यातली व्यायामाची खोली. बनुबाई, तिची सून शिवांजली आणि फिजिओथेरपी करणारी फिरदोस.)

बनुबाई: आगं आई गंऽ! सोड, सोड! हात उपटतीस का काय?

फिरदोस: मावशी, अजून मी धरलासुद्धा नाही.

शिवांजली: आवं आत्या, बाईंनी निस्तं बोट लावलं.

बनुबाई: तू गप. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

फिरदोस: खांद्यात इंजेक्शन देऊन पंधरवडा झाला. त्यानं सूज उतरते, दुखणं बसतं, आणि तेवढ्या सवडीत व्यायामानं खांदा मोकळा करायचा. रात्री झोप लागते का आता?

बनुबाई: लागती की. ठणका ग्येलाय.

शिवांजली: मग आत्ता वराडला कशाला?

फिरदोस: भिंतीवर बोटं चढवायला सांगितलं होतं. करता ना?

बनुबाई: करती की, सकाळ-संध्याकाळ.

शिवांजली: थापा! भिंतीम्होरं हुब्या ऱ्हात्यात, आन् माझी पाठ फिरली की खाली बसत्यात. इंजेक्शनानं शुगर वाढती म्हणून मी रोज बोटाला सुई टोचती, त्याला हूं का चूं न्हाई. हात वर करा म्हणलं की मातूर अंगाव काटा.

फिरदोस: मी रागावत नाही मावशी. पण हात असाच अंगाशी ठेवलात तर इंजेक्शन वाया जाईल, खांदा परत घट्ट होईल. मग वेणी घालायला दुसऱ्याचे हात लागणार.

बनुबाई: लागू द्यात. हाय तसा ऱ्हाऊ दे की बाई त्यो.

फिरदोस: भीती दुखायची वाटते?

बनुबाई: दुखण्याला कोण भितंय! तीन बाळतपणं घरात झाली माझी.

फिरदोस: मग?

बनुबाई: हात वर झाला म्हंजी तू काखेत हात घालणार.

फिरदोस: हो, तिथं आधार द्यावाच लागतो.

बनुबाई: तितंच नगं.

शिवांजली: आत्या... काय लपवताय? गाठबीठ हाय का?

बनुबाई: तसलं तोंडातनं काढू नगंस!

शिवांजली: आई गं. कवापासनं?

बनुबाई: म्हाईत न्हाई. बघितलंच न्हाई मी. हरणी गेल्यापासनं आंघोळसुदीक चोळी अंगाव ठिवून करती.

फिरदोस: हरणी कोण?

बनुबाई: माझी धाकटी भन, शिराळ्याला दिलेली. तिचाबी हात असाच वर जाईना. समदी म्हणली, वात हाय, तेल चोळा. मी चोळाय बसले, तर काखेत माझ्याच बोटाला लागली, वाटाण्यायवढी. छातीतलं हुतं. साल काढलं न्हाई पोरीनं.

फिरदोस: डॉक्टरांना सांगितलंत हे?

बनुबाई: न्हाई. त्ये म्हणलं, खांदा आखडलाय, शुगरवाल्यांचा आखडतो. म्या म्हणलं, देवा, ह्येच असू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

फिरदोस: शुगरमुळं असे खांदे आखडतात, मी रोज बघते. तुमचाही तसाच दिसतोय. पण सख्ख्या बहिणीला झालं म्हटल्यावर तपासून घ्यायलाच पाहिजे. वरच्या मजल्यावर लेडी डॉक्टर आहेत. आत्ताच जाऊ, मी येते.

बनुबाई: एकटी न्हाई जायची गं मी.

शिवांजली: मी हाय की.

बनुबाई: मग आदी तू बघ. परक्याकडनं ऐकायच्या आदी घरच्या माणसाकडनं कळू दे.

शिवांजली: मी? मला काय कळतंय त्यातलं?

बनुबाई: कळतंय. लगीच कळतंय. फिरदोस, दार लाव आन् उचल हात.

फिरदोस: श्वास सोडा... हळू... अजून थोडा. बघा, केवढा आला वर!

बनुबाई: हाताचं मरू दे. शिवांजली, बोल की.

शिवांजली: आत्या, मला लय भ्या वाटतंय.

बनुबाई: मलाबी. बघ तू.

शिवांजली: ...न्हाई. काय न्हाई लागत.

बनुबाई: नीट बघ. खाली, छातीकडं.

शिवांजली: तितंबी न्हाई. तुमची शप्पथ.

फिरदोस: मीही बघते... नाही, मलाही काही लागत नाही. तरी वर जायचंच, मशीनवर छातीचा फोटो काढला की खात्री होईल. मावशी? आता का रडताय?

बनुबाई: मग माझ्या हरणीलाच का गं झालं?