शेजारच्या सीटवरचा म्हातारा

...नाही, मला एक सांगा, दगड! दगड व्हायचं आणि ओढ्यात पडून राहायचं, हा काय खेळ झाला? तुम्हाला सांगतो, मी चांगली खुर्ची पुढे ओढून, पाठ ताठ करून, जवळचं दिसावं म्हणून चष्मा कपाळावर चढवून बसलो, का, तर मुलगी म्हणाली होती, बाबा, नीट खेळा, मला तुमचं मत हवंय. आणि स्क्रीनवर काय, तर दगड. बाण दाबले, दगड हलेना. ती खालची लांब पट्टी दाबली, हलेना. मग वरून एक पान वाहत आलं, दगडाला टेकलं आणि निघून गेलं. झालं. मी म्हटलं, कीबोर्ड गेला वाटतं. तर मुलगी म्हणते, नाही बाबा, तो खेळ तसाच आहे, त्यात वाट बघायची असते. आता वाट बघायला मला खेळ कशाला हवा? चार माणसांच्या घरात एक न्हाणीघर आहे, तेवढं पुरतं मला. पण मी काही बोललो नाही.

माझी सवयच नाही ती. माझा धंदा म्हणजे गाडी शिकवणं. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली आपला जादा ब्रेक, आणि शिकणाऱ्याला लागेल तेवढंच सांगायचं... क्लच... क्लच दाबा... आता हळू सोडा, हळू, हळू म्हणजे काय ते कळतं ना, आरसा बघा, आरसा भांग पाडायला दिलेला नाही, तो पुढचा सायकलवाला तुमचा मावसभाऊ लागतो का, मग त्याला मिठी मारायला का निघालात... बस, एवढंच. बाकी मी गप्प. निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलंय, विचारा कुणालाही.

आणि निम्म्या गावाला गाडी शिकवणाऱ्याची मुलगी बसने फिरते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी शिकवायला घेतली होती हो, ती कॉलेजात असताना. तिसऱ्या दिवशी भर चौकात तिने गाडी थांबवली, दार उघडलं, उतरली, दार लावलं आणि चालत घरी गेली. मागे भोंग्यांचा कल्लोळ आणि मी शेजारच्या सीटवर बसलेला! बरं, मी म्हणालो काय होतो? काही बोललो नव्हतो! बायको म्हणते, तुम्ही मध्ये श्वाससुद्धा घेत नव्हता असं ती सांगत होती. आता श्वास घेतला नसता तर मी आज तुमच्यासमोर उभा असतो का? पण तेव्हापासून आमच्या घरात तो विषय बंद. दोन वर्षं, पाच वर्षं, कुणी क्लच म्हणून शब्द काढायचा नाही.

तर ही मुलगी. चांगली ऑफिसात नोकरी होती, ती सोडली आणि मागच्या खोलीत बसून गेम बनवायला लागली. इंडी गेम म्हणतात त्याला. म्हणजे मोठ्या कंपनीचा नव्हे, दोघातिघांनी घरी बसून, स्वतःच्या डोक्याने केलेला. सोबत तिचा एक भागीदार आहे, चित्रं काढतो, आवाज देतो, आणि घरात, पंख्याखाली, लोकरीची टोपी घालून बसतो. मी त्याला टोपीवाला म्हणतो. डोक्याला सर्दी झालीय का म्हणून एकदा विचारलं फक्त, बाकी मी काही बोललो नाही.

झालं असं की शनिवारी त्यांचं प्रदर्शन होतं. सगळे असले घरगुती गेमवाले एका हॉलमध्ये टेबलं मांडून बसणार, लोक येऊन खेळून बघणार. तिथे आपटलो तर मी मुकाट्याने परत नोकरी धरेन, असं मुलीने तिच्या आईला सांगितलं होतं. मला नाही सांगितलं, आईला. मी आपलं भिंतीपलीकडून ऐकलं. आणि त्याआधी तिला हवा होता एक असा माणूस, ज्याने जन्मात गेम खेळलेला नाही. बायको म्हणाली, घरात एवढा मोठा नमुना असताना बाहेर कशाला शोधतेस?

आणि त्यांची एक पद्धत असते बरं का! खेळणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत खेळायचं, आणि बनवणाऱ्याने मागे बसून तोंडाला कुलूप लावायचं. अमुक दाब, तमुक कर, काही सांगायचं नाही. तो चुकला तर चुकू द्यायचं, अडकला तर अडकू द्यायचं. मुलगी म्हणाली, बाबा, खेळाने सांगायचं नसतं, खेळणाऱ्याला सापडू द्यायचं असतं. हे म्हणताना माझ्याकडे बघत होती. मला सगळं कळतं, पण मी काही बोललो नाही.

तर हात बसावा म्हणून आधी दुसऱ्यांचे खेळ. दगडाचं सांगितलंच. दुसरा उड्यांचा. एक चौकोनी ठोकळ्यांचा माणूस, त्याने उड्या मारत जायचं. एक उडी मारली, मेला. उठला, परत मारली, वरून करवत आली, मेला. उठला, जमीनच गेली, मेला! मी म्हटलं, अहो, कुठे करवत आहे, कुठे खड्डा आहे, एक पाटी तरी लावा. तर टोपीवाला म्हणतो, "काका, मरत मरतच शिकायचं, तीच मजा आहे." आता बघा, या पद्धतीने मी गाडी शिकवली असती तर? निम्मं गाव शिकलं असतं आणि उरलेलं निम्मं गाव राहिलंच नसतं!

तिसरा खेळ मांडणी लावायचा. फडताळं, डबे, बरण्या, सगळं पसरलेलं, ते उचलून जागच्या जागी लावायचं. म्हणजे दिवसभर राबून आलेला माणूस हौसेने खुर्चीत बसून पुन्हा राबणार! मी म्हटलं, हा खेळ नाही, ही शिक्षा आहे. तेवढ्यात बायको मागून आली, म्हणाली, सरका, ती बरणी तिथे ठेवतात का कोणी? आणि बसली ती बसलीच. इकडे खऱ्या ओट्यावर दूध उतू जातंय आणि ही बाई खोट्या बरण्या उंचीप्रमाणे लावतेय! दूध करपल्याचा वास आला तेव्हा कुठे उठली, आणि वर मलाच म्हणाली, तुम्हाला हाक मारता येत नव्हती? घ्या! एरवी म्हणते बोलता फार!

मग आला मुलीचा खेळ. आणि तुम्हाला सांगतो, मी गार झालो. गाडीचा खेळ! निळी गाडी, घाटरस्ता, लांब खाली समुद्र. स्टिअरिंग, गिअर, आरसे, सगळं हाताने काढलेलं, आणि गिअर टाकताना जो खर्रकन आवाज यायचा तो अगदी माझ्या शिकवणीच्या गाडीचा. गाडी समुद्रापर्यंत न्यायची, बस. मी म्हटलं, हा खेळ झाला! दगड नाही, करवत नाही. इंडिकेटर दिला, आरसा बघितला, पहिला टाकला, निघालो.

तर शेजारच्या सीटवर एक म्हातारा. टकल्या, चष्मा कपाळावर, हात मांडीवर. आणि गाडी दहा हात गेली नाही तोवर सुरू! क्लच... हळू... वळण आलं... आरसा... हळू म्हटलं ना... आणि गंमत अशी की तो जे बोलेल ते सगळं पुढच्या काचेवर उमटायचं. अक्षरं! क्लच, आरसा, हळू, हळू, हळू, एकावर एक, एकावर एक, सगळी काच भरली! मला रस्ता दिसेना! वायपर लावला, पुसेना. पाणी मारलं, पुसेना. मी हॉर्न वाजवला तर म्हणतो, हॉर्न कशाला! तेही उमटलं!

आता मला सांगितलेलंच होतं ना, मनातलं मोठ्याने बोला? मी बोललो. म्हटलं, हा कोण आगाऊ म्हातारा? याला गप्प करायचं बटण कुठाय? असल्या माणसाला शेजारी घेऊन कोण गाडी चालवू शकेल? अरे, शिकणाऱ्याला जरा रस्ता तरी बघू दे! बोलतो, बोलतो, नुसता बोलतो, याच्या घरच्यांचं काय होत असेल? मागे टोपीवाल्याने टोपी नाकापर्यंत ओढलेली. बायको ओले हात घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. मला वाटलं, सगळ्यांना माझं म्हणणं पटलंय.

शेवटी मी गाडी रीतसर बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि एक एक बटण दाबून बघितलं. एका बटणाने शेजारचं दार उघडलं. म्हातारा उतरला. दार लागलं. आणि काच अशी स्वच्छ झाली म्हणता! बासरी वाजायला लागली, समुद्र चमकायला लागला, गाडी लोण्यासारखी चालली. सुटलो बाबा, म्हटलं. आणि सवयीने आरशात बघितलं.

तो तिथेच उभा होता. वळणावर. हात मागे बांधून. लहान लहान होत चाललेला. आणि त्याचे ओठ हलत होते हो. ऐकायला कुणी नाही, तरी चाललेलंच. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? गाडीत घेतलेलं माणूस असं वाटेत टाकून जातात का? मी ब्रेक मारला, मागचं बघितलं, गाडी वळवली आणि निघालो त्याला आणायला. तर एक वळण गेलं आणि पुढे... काही नाही. पांढरं. रस्ता नाही, डोंगर नाही, झाडं नाहीत, कोऱ्या कागदासारखं सगळं. गाडी त्यात घुसली आणि खेळ बंद पडला.

मी खुर्ची फिरवली. म्हटलं, हे काय, मागे रस्ताच नाही? जायला आहे आणि यायला नाही, असा कुठला रस्ता असतो? मुलगी उभी राहिली होती. पद्धत-बिद्धत विसरून म्हणाली, "बाबा, तुम्ही मागे का वळलात?"

"का म्हणजे? तो म्हातारा एकटा उभा आहे तिथे!"

"इतक्या जणांनी खेळून बघितलं. सगळे त्याला उतरवतात आणि जातात. कुणी मागे वळलंच नाही, म्हणून मी रस्ता केलाच नाही."

"आणि आरशात कुणी बघितलं नाही?"

"कुणीच नाही."

मी म्हटलं, मग आरशात म्हातारा काढलास कशाला? ती म्हणाली, "तुम्हीच सांगायचात ना, आरशात बघत जा म्हणून."

आता मी काही अगदीच ढ नाही. माझा हात कपाळाकडे गेला. तिथे चष्मा होता. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, मला खरंच काही बोलता आलं नाही.

मग शनिवारपर्यंत त्या दोघांनी जेवण-झोप सोडून मागचा रस्ता केला. आणि प्रदर्शनात मला टेबलामागे उभं केलं, तोंडाला कुलूप लावून! लोक यायचे, बसायचे, म्हातारा बोलायला लागला की हसायचे, आणि पहिल्या वळणाला त्याला खाली उतरवून टाळ्या वाजवायचे. एक जण तर विचारत होता, चालत्या गाडीतून ढकलता येतं का! समुद्र बघितला की उठून चालते व्हायचे. आरशात बघायचं नाव नाही! दुपार गेली, मुलीचं तोंड उतरलं, आणि मी मागे नुसता उकळतोय, आरसा बघा हो, आरसा बघा, पण बोलायचं नाही!

शेवटी एक बाई आल्या. खेळायला नव्हे, पाय दुखत होते आणि आमची खुर्ची रिकामी होती. बसल्याच आहेत तर म्हणून खेळल्या. त्यांनीही म्हाताऱ्याला उतरवलं, थोड्या पुढे गेल्या, आणि म्हणाल्या, अगं बाई, तो तिथेच राहिला की! वळवली गाडी. गेल्या. दार उघडलं. म्हातारा बसला. आता परत काच भरणार, म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर काचेच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, एकच ओळ: आरसा बघितलास वाटतं. पुढे समुद्रापर्यंत तो चकार शब्द बोलला नाही. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि आजूबाजूच्या चार जणांना ओढून आणलं. मग रांग लागली. नोकरीचा विषय निघाला नाही तो नाहीच.

घरी येताना बसमध्ये मुलगी म्हणाली, बाबा, मला गाडी शिकवाल? पण पद्धत आमची. शिकणाऱ्याने हवं ते बोलायचं, शेजारच्याने तोंडाला कुलूप. मला सापडू द्यायचं.

केलं कबूल. रविवारी सकाळी बसलो. शिकवणीची गाडी गॅरेजात, म्हणून आमची घरची, म्हणजे माझ्या पायाखाली ब्रेक नाही. तिने क्लच सोडला, गाडी बेडकासारखी उडाली, मी गप्प. बंद पडली, मी गप्प. परत चालू केली, गिअर टाकला, आणि तो पडला रिव्हर्सचा. मी गप्प. मागे फाटकाजवळ कचऱ्याचं मोठं निळं पिंप. माझ्या बाजूच्या आरशात मला चांगलं दिसत होतं, मोठं होत होत जवळ येत होतं. आणि ही पोरगी, जिने स्वतःच्या हाताने आरसा काढला, आरशात म्हातारा काढला, ज्यापायी हॉलभर लोकांना रडवलं, ती बघतेय कुठे? तर पुढे! मी दोन्ही हातांनी सीट धरली, जीभ चावली, नसलेला ब्रेक पायाने दाबला, आणि धाडकन...

पिंप आडवं, झाकण घरंगळत फाटकाबाहेर, दिवा फुटलेला, आणि मुलगी माझ्याकडे वळून मलाच म्हणते, "अहो बाबा, सांगायचं नाही का?"

आता तुम्ही एवढी माणसं बसलाय, तुम्हीच सांगा, यावर मी काय म्हणायला हवं होतं? जाऊ दे. मी काही बोललो नाही.