हात धरा अन् खाली बसा

भूमच्या स्टँडवर, एसटीच्या रांगेत, तात्यारावांच्या पुढंच दोघी बाया बोलत होत्या.

"दुष्काळात गावची विहीर कुठं पाडायची? वढ्याला, माळाला का देवळामागं? नुसता कालवा, कुनी कुनाचं ऐकंना! मग म्हातारी नागूआत्या म्हनली, जागेवरनं ज्याचं तुमच्याशी पटत न्हाय त्याचा हात धरा, अन् दोघंबी खाली बसा."

"मग गं?"

"शेवटाला उभी ऱ्हायली ती समदी वढ्यावालीच!"

"म्हंजी वढा ठरला?"

"न्हाय. म्हनली, उरले म्हनून जास्त हैत असं न्हाय; आता बसलेल्यातले वढ्यावालेबी उठा. उठले, तर निम्म्याच्या वर गाव उभं!"

तात्याराव सुपारी चघळायची विसरले.

"आगं बया! काटा आला बघ अंगावर. तू कुनाचा हात धरलास?"

"जावंचा. लई दिस अबोला व्हता."

"अन् आता?"

"आता त्याच विहिरीवर एका दोरानं पानी वढतो."